तोडीस तोड : लिनक्स कार्यप्रणाली, नागरी लिपी आणि मराठी अक्षरजुळणी

मराठी मुद्रणाच्या इतिहासाचे जे टप्पे अभ्यासकांनी आजवर नोंदविले आहेत, ते बहुधा धातूच्या खिळ्यांपाशी येऊन थांबतात. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचे प्रयत्न, गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर छापलेले पंचांग, जावजी दादाजींच्या निर्णयसागराचे सुबक टाइप, ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा लोकमान्य टिळकांनी केलेला खटाटोप, येथपर्यंतचा भाग आपणांस बराचसा परिचित आहे. त्यापुढील काळात जुळाऱ्याची जागा संगणकावर बसलेल्या माणसाने घेतली. पण त्या काळाकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. प्रस्तुत लेखात त्या काळातील एकाच पोटप्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरणाऱ्या लोकांची एक जुनी मागणी आहे : इतर कार्यप्रणालींवर ज्या आज्ञावली मिळतात, त्यांच्या तोडीच्या आज्ञावली आमच्या मेजावरील संगणकावरही मिळाव्यात. ही मागणी जगभर केली गेली. मराठीत मात्र तिचा अर्थ पालटला. तो कसा पालटला आणि त्यात मराठी लेखनाच्या संचिताचे काय झाले, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकास अगत्याचे आहे.

प्रथम मूळ मागणीविषयी थोडे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जाहीर केला. आरंभीची काही वर्षे हे सारे विद्यापीठांतील व सेवायंत्रे सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचे क्षेत्र होते. सामान्य लेखनिकाला उपयोगी पडेल असे दर्शनी रूप त्यास आले ते १९९६ मध्ये घोषित झालेल्या केडीई आणि १९९७ मध्ये घोषित झालेल्या ग्नोम या प्रकल्पांमुळे. मेज सजले, आता मेजावर ठेवावयाच्या वस्तूंची उणीव जाणवू लागली. कॅनडातील कोरेल कंपनीने १९९८ साली आपला वर्डपरफेक्ट हा लेखनसंपादक लिनक्सवर आणला, १९९९ मध्ये स्वतःची लिनक्स-आवृत्ती काढली आणि २००० मध्ये कोरेलड्रॉ ९ हीदेखील लिनक्सवर दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने कोरेलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतविले. पुढच्या वर्षी कोरेलचा लिनक्स-विभाग दुसऱ्याच्या हाती गेला. कार्य आणि कारण यांचा संबंध येथे किती घट्ट मानावा, याविषयी मतभेद होऊ शकतात. एक गोष्ट मात्र त्यानंतर स्पष्ट झाली. मोठ्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या आज्ञावली लिनक्सवर आणून द्याव्यात ही आशा फलद्रूप होणार नव्हती. तोडीच्या वस्तू वापरणाऱ्यांनाच घडवाव्या लागणार होत्या. सन मायक्रोसिस्टिम्सने स्टारऑफिसचा स्रोत २००० च्या ऑक्टोबरात खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस व २०१० नंतर लिब्रेऑफिस निर्माण झाले. चित्रांसाठी गिम्प, रेखाटनासाठी २००३ पासूनचे इंकस्केप, पृष्ठरचनेसाठी २००१ पासूनचे स्क्रायबस, अशी ही यादी वाढत गेली. या प्रत्येक वस्तूची तुलना विंडोजवरील समकक्ष वस्तूशी केली गेली, आणि पुष्कळदा ती उणी ठरली.

आता मराठीकडे वळू.

पाश्चात्य देशांतील लिनक्स वापरणारा जेव्हा ‘तिकडे आहे ते इकडे हवे’ असे म्हणे, तेव्हा ‘तिकडे’ त्याच्या भाषेला सर्व काही मिळत होते. मराठी माणसाच्या बाबतीत हा पायाच कच्चा होता. ज्या पेजमेकरची बरोबरी स्क्रायबसने करावी अशी अपेक्षा होती, त्या पेजमेकरला मराठी येत नव्हते. २००१ साली निघालेल्या त्याच्या शेवटच्या म्हणजे सातव्या आवृत्तीपर्यंत त्यास युनिकोड ठाऊक नव्हते, मग नागरी लिपीतील जोडाक्षरांची तर गोष्टच नको. तरीही दोन दशके महाराष्ट्रातील बहुसंख्य पुस्तके, नियतकालिके आणि लग्नपत्रिका त्याच्यावर वा कोरेलड्रॉवर जुळविल्या गेल्या. हे कसे साधले?

याचे उत्तर पुण्यात आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र आकारास आले, ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत जिस्ट या नावाने पुढे विकसित झाले. त्याच सुमारास इस्की हे भारतीय लिप्यांचे सामाईक संकेतन सिद्ध झाले आणि १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून त्यास मान्यता मिळाली. इस्कीची दृष्टी भाषावैज्ञानिकदृष्ट्या निर्दोष होती असे म्हणण्यास हरकत नाही : संगणकाने वर्ण साठवावेत, त्यांचे दृश्य रूप कसे दिसावे हा नंतरचा प्रश्न. ‘क’, हलन्तचिन्ह आणि ‘ष’ एवढे साठविले की ‘क्ष’ दाखविणे हे यंत्राचे काम. परंतु विंडोजवरील आज्ञावली हे काम जाणत नव्हत्या. त्यांना एका स्थानी एक आकृती एवढेच कळत होते. म्हणून बाजारात दुसरा मार्ग रूढ झाला. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ स्थानांवर नागरी आकृत्यांचे तुकडे बसवावयाचे : कोठे अर्धा ‘क’, कोठे रफार, कोठे केवळ काना. सी-डॅकचे सुरेख व योगेश हे टंक, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगलोरची आकृती ही सर्व याच मार्गाची उदाहरणे होत. प्रत्येकाची मांडणी निराळी. एका टंकात ज्या स्थानी ‘भ’चा दंडरहित भाग, दुसऱ्यात त्याच स्थानी एखादे जोडाक्षर.

थोडक्यात, पेजमेकरला आपण मराठी लिहीत आहोत याचा पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी ती रोमन चिन्हांची अर्थहीन मालिका होती. धातूच्या खिळ्यांची जी व्यवस्था होती तीच येथे विद्युत्-रूपाने पुनः अवतरली, असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टाकावयाचा आणि रफार अक्षर पुरे झाल्यावर वर चढवावयाचा, हा क्रम जुन्या जुळाऱ्याच्या हाताचा होता. तोच आता संगणकाच्या धारिकेत कायमचा नोंदविला गेला. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेत ऱ्हस्व इकार उजवीकडे न्यावा अशी सूचना पुढे आली होती. यंत्रासाठी लिपीने वाकावे, असा त्या काळच्या विचारवंतांचा सूर होता. ती सूचना टिकली नाही. लिपी वाकली नाही. मात्र तिच्या नोंदी वाकल्या.

नाशिकसारख्या शहरातील अक्षरजुळणीचे छोटे दुकान डोळ्यांपुढे आणावे. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, द्राक्षबागायतदारांच्या मेळाव्याचे पत्रक, दशक्रियेची पत्रिका, शाळेचे हस्तलिखित आता छापील व्हावयाचे म्हणून आलेले, असा तेथला नित्याचा माल. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास अशा दुकानदाराला कोणी लिनक्सचा उपदेश केला असता तर त्याने काय विचार केला असता? पैसे वाचतील हा युक्तिवाद त्याला फारसा पटला नसता, कारण परवान्याविना प्रती वापरण्याची प्रथा सार्वत्रिक होती (नीतिदृष्ट्या ती निंद्य होय, पण इतिहासकाराने ती नाकारण्यात अर्थ नाही). त्याची अडचण निराळीच होती. त्याच्या मराठी आज्ञावलीचे दोन भाग होते : टंक आणि कळफलक चालविणारा भाग. टंकाची धारिका उचलून लिनक्सवर नेता येई व तिच्यात लिहिलेला मजकूर तेथे दिसेही. परंतु रेमिंग्टन टंकयंत्राच्या पद्धतीने दाबलेली कळ त्या त्या टंकातील योग्य तुकड्यापर्यंत पोहोचविणारा भाग विंडोजसाठीच लिहिलेला असे, आणि अनेक आज्ञावलींना संगणकाच्या पाठीमागे लावावयाचे एक कुलूपही असे. तेही विंडोजच ओळखे. परिणामी लिनक्सवर जुने मराठी वाचता येई पण नवे लिहिता येत नसे. दहा वर्षांचा संग्रह ज्याच्या पाशी आहे, त्याने अशा स्थितीत जागा सोडली नाही यात नवल ते काय?

आणि नेमक्या याच वर्षांत, दुकानदाराच्या नकळत, लिनक्सच्या बाजूला पारडे झुकविणारी एक गोष्ट घडत होती. ग्नोमच्या मंडळींनी १९९९–२००० पासून पँगो नावाची एक आज्ञावली रचावयास घेतली होती. तिच्या नावातच तिचे ध्येय आहे : ग्रीक ‘पान’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा. युनिकोडमध्ये साठविलेली वर्णमालिका घेऊन कोणत्याही लिपीचे यथार्थ रूप जुळवावयाचे, हे तिचे काम. मार्च २००२ मध्ये जीटीके २.० सोबत ती ग्नोमच्या पायातच घातली गेली. याचा परिणाम असा की जी कोणती आज्ञावली त्या पायावर उभी राहील, तिला नागरी आपोआप येऊ लागली. २००४ च्या गिम्प २.० मध्ये मराठी शब्द युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागला. इंकस्केपही त्याच पायावर उभे होते. याउलट अॅडोबच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची युनिकोड जुळणी रीतसर आली ती २०१२ मधील सीएस६ या आवृत्तीबरोबर. मधली कित्येक वर्षे युनिकोड मराठीच्या बाबतीत लिनक्सवरील फुकट रेखाटन-आज्ञावली महागड्या व्यापारी आज्ञावलीच्या पुढे होती. ‘तोडीस तोड’ मागणारा येथे स्वतःच पुढे गेलेला होता, परंतु हे ज्यांच्या उपयोगाचे होते त्यांच्या कानी पडले नाही. त्यांच्या धारिका युनिकोडमध्ये नव्हत्या.

टंकांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० सोबत दिलेला मंगल हा नागरी टंक मुंबईचे विख्यात अक्षरशिल्पी र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता, आणि मुंबईच्याच एन.सी.एस.टी. या संस्थेतील त्यांच्या कामातून रघु हा मुक्त टंकही बाहेर पडला. एकाच हाताची अक्षरे दोन्ही पंगतींत वाढली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे २००४ मध्ये रेड हॅटने लोहित ही टंकमाला मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. तिची घडण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे श्री-लिपीच्याच घरची. ‘लोहित’ म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातील रंगाचे हे संस्कृतीकरण भाषाभ्यासकास मौजेचे वाटावे. लोहितमध्ये आरंभी हिंदीसाठी व पुढे मराठीसाठी वेगळा टंक होता. नंतर दोन्ही एका नागरी टंकात सामावले गेले. हा प्रश्न वरवर किरकोळ, पण वस्तुतः महत्त्वाचा आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न असून महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण ठरविली आहेत. एकाच टंकात दोन्ही वळणे ठेवण्याची सोय ओपनटाइप पद्धतीत आहे. मजकूर मराठी आहे असे धारिकेत नोंदविले असेल तर मराठी वळण दिसते, एरवी हिंदी. ही नोंद करण्याची काळजी फार थोडे लोक घेतात.

याहून गंभीर प्रकरण अर्ध्या ‘र’चे आहे, आणि त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. अक्षराच्या सीमेचा हा भेद उच्चारात स्पष्ट ऐकू येतो आणि लेखनात तो रफार व आडवा ‘र’ यांनी दाखविला जातो. हिंदीला या चिन्हाची गरज नाही. म्हणून नागरीची व्यवस्था हिंदीच्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या हातून ते निसटण्याचा संभव नेहमीच असतो. युनिकोडमध्ये हे चिन्ह लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ‘ऱ’ या नुक्तायुक्त वर्णास हलन्तचिन्ह जोडणे. दुसरा, साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य संयोजक जोडणे. दुसरा मार्ग जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून कायम ठेवला गेला. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ स्वतंत्र कळीवर असल्याने तो वापरणारे पहिल्या मार्गाने जातात. उच्चारानुसारी कळफलकांपैकी काही दुसऱ्या मार्गाने नेतात. कागदावर दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाही. शोध घेताना मात्र ‘करणाऱ्या’ हा शब्द एका रीतीने मागितला तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडत नाही, कारण युनिकोडच्या समीकरण-नियमांत हे दोन क्रम समान धरलेले नाहीत. ‘ॲ’चेही तसेच. एप्रिल २००८ च्या ५.१ या आवृत्तीत त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी लोक ‘अ’वर चंद्र ठेवीत आणि आजही पुष्कळजण ठेवतात. शब्दसंग्रह मोजणाऱ्याने हे भेद आधी एकरूप केले नाहीत तर एकच शब्द दोनदा मोजला जाईल. अशा मोजणीवर आधारलेले वारंवारितेचे निष्कर्ष सावधपणे वाचावेत, एवढेच येथे सुचवितो.

हा दोष विंडोजचा नाही, लिनक्सचाही नाही. तो दोहोंच्या खालच्या थरातला आहे. तोडीस तोड आज्ञावली मागणारा खिडकीतील बटणे मोजतो : तिकडे इतकी, इकडे इतकी. मराठीचा प्रश्न मात्र बटणांच्या पातळीवर कधीच नव्हता. मुक्त आज्ञावलीच्या मराठी कार्यकर्त्यांनी अपार श्रम करून ग्नोम, केडीई आणि फायरफॉक्स यांच्या यादीतील शब्द मराठीत आणले. एकाच क्रियेला ‘साठवा’ म्हणावे की ‘जतन करा’, ‘फाईल’ म्हणावे की ‘धारिका’, यांवर बरीच चर्चाही झाली. त्या श्रमांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते हा श्रमाचा क्रम उलटा झाला. इंग्रजी शब्दांची यादी पाहून बटण दाबण्यास जुळारी सरावलेला होता. त्याला हवा होता तो रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक, आणि जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये बिनचूक आणून देणारा रूपांतरक. शब्दशुद्धी तपासणारा कोशही त्याला हवा होता, पण त्यापुढे.

शिक्षणाचाही वाटा यात आहे. महाराष्ट्रात २००१ नंतर एम.के.सी.एल. या संस्थेचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला आणि शासकीय नोकरीसाठी तो ग्राह्य ठरला. लक्षावधी मराठी माणसांना संगणकाची पहिली ओळख त्याने करून दिली, ही त्याची थोरवी निर्विवाद होय. ती ओळख विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या द्वारे झाली. केरळात त्याच दशकात शालेय संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलीवर नेले गेले, आणि २००२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या मल्याळम संगणन-गटाने टंक, कळफलक व कोश यांची कामे हाती घेतली होती. शाळेतील मुले रोज वापरतात म्हटल्यावर दोष लवकर उघडकीस येतात आणि ते दुरुस्त करणारेही भेटतात. आपल्याकडे वापरणारे थोडे, म्हणून दोष सांगणारे थोडे.

भाषाविज्ञानाच्या कामापुरते बोलावयाचे तर आमची स्थिती जुळाऱ्यापेक्षा बरी होती. ध्वनींचे पृथक्करण करणारी अॅम्स्टरडॅमची प्रात ही आज्ञावली सर्व प्रमुख कार्यप्रणालींवर सारखीच चालते. शब्दकोशासाठी वापरली जाणारी टूलबॉक्स ही विंडोजची. तिच्या जागी आलेली फील्डवर्क्स २०१० नंतरच्या दशकात लिनक्सवरही मिळू लागली. बागलाण-कळवणकडील अहिराणीचे नमुने लिहून घेताना नागरी आणि ध्वनिलिपी एकाच ओळीत लागतात. तुकड्यांच्या टंकांनी हे काम कधीच नीट केले नाही, युनिकोडने केले.

पृष्ठरचनेची कथा मात्र फार लांबली. स्क्रायबसला जोडाक्षरे जुळविता येऊ लागली ती २०१७ मधील १.५.३ या चाचणी-आवृत्तीत. तोवर नाशिकचा आणखी एक सिंहस्थ (२०१५) उलटून गेला होता. सर्वसामान्य वापरास योग्य अशी १.६.० ही स्थिर आवृत्ती १ जानेवारी २०२४ रोजी निघाली. इंग्रजी पुस्तक जुळविणाऱ्यास जे साधन या शतकाच्या पहिल्या दशकातच मिळाले, ते मराठी पुस्तक जुळविणाऱ्यास इतक्या विलंबाने लाभले. दरम्यान हार्फबझ या सामाईक जुळणी-यंत्रणेने पँगो आणि लिब्रेऑफिस यांच्या पोटात स्थान मिळविले होते. २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सर्व कार्यप्रणालींवर तिचाच उपयोग करते. म्हणजे नागरीची जुळणी आता लिनक्सवर आणि विंडोजवर एकाच हाताने होते.

उरतो तो जुन्या धारिकांचा प्रश्न. १९९० ते २०१० या दोन दशकांत जुळविलेला मराठी मजकूर ग्रंथालयांत छापील रूपाने आहे. त्याचे विद्युत्-रूप दुकानांच्या जुन्या चकत्यांवर आहे, आणि दुकाने बंद होत आहेत. सुरेख, योगेश, श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रचलित टंकांचे रूपांतरक आज उपलब्ध आहेत. असा रूपांतरक केवळ स्थानांची अदलाबदल करून भागत नाही. इकार व्यंजनानंतर न्यावा लागतो, रफार अक्षराच्या आरंभी आणावा लागतो आणि आडव्या ‘र’ची नोंद कोणत्या मार्गाने करावयाची हे आधी ठरवावे लागते. प्रचारात नसलेल्या टंकांसाठी तो टंकच हाती असावा लागतो. पेजमेकरच्या धारिकेबरोबर टंकाची प्रत ठेवलेली नसेल, तर त्या स्थानी काय होते हे छापील प्रतीशी अक्षर अक्षर ताडून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही. आपल्या विभागाकडे जे स्थानिक प्रकाशक जुन्या चकत्या देऊ इच्छितात, त्यांनी टंकाच्या धारिका आणि छापील पुस्तकाची एक प्रत सोबत द्यावी.